टॅम्प्लीज, रडीचा डाव आणि राज्य : संगणकावरच्या खेळांबद्दल एका खेळाडूची प्रामाणिक मतं

(ग्वाल्हेर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



निमंत्रणाचा फोन आला तेव्हा मी विचारलं, विषय कोणता? पलीकडून उत्तर आलं, तुम्हाला जे नीट माहीत असेल ते बोला. मी व्यवसायाने गणिताचा शिक्षक. पण गणितापेक्षा जास्त तास मी ज्या गोष्टीला दिले, ती म्हणजे संगणकावरचे खेळ. पंचवीस वर्षं होत आली. मी खेळ बनवत नाही, विकत नाही, स्पर्धांमध्ये उतरत नाही. नुसता खेळतो. त्यामुळे मला कोणाची भीड नाही आणि कोणाकडून काही घेणं नाही.

साहित्याच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असं काहींच्या मनात येईल. आपल्या गावाला मत देण्याची सवय जुनी आहे. ग्वाल्हेर घराण्याचं गाणं ऐकून परतणारा माणूस 'छान झालं' म्हणून थांबत नाही. बंदिश कशी भरली, लय कुठे ओढली, तान दाणेदार होती की नुसती धावपळ होती, हे तो घर येईपर्यंत सांगत असतो. ज्या गोष्टीत आपली मुलं रोज दोन-दोन तास घालवतात तिच्याबद्दल मात्र त्यांच्याकडे दोन शब्द आहेत, 'मस्त' आणि 'बेकार'. मोठ्यांकडे एकच आहे, 'वेड'. तीन शब्दांत कोणत्याही गोष्टीची समीक्षा होत नाही.

मी जेव्हा मराठीत मत मांडायला बसलो तेव्हा शब्दांसाठी अडलो. मग लक्षात आलं की शब्द आपल्याकडे आहेतच, फक्त ते अंगणात राहिले आहेत. टॅम्प्लीज, कच्चं लिंबू, रडीचा डाव, राज्य, भिडू. लहानपणी लपाछपी आणि लगोरी खेळताना हेच शब्द आमचा कायदा होते. आज मी याच शब्दांनी काही खेळ तपासणार आहे.

पहिला शब्द, टॅम्प्लीज.

मूळ इंग्रजी 'टाइम प्लीज'. मुलांनी त्याचं मराठी करून टाकलं. चप्पल तुटली, आईने हाक मारली, की मुठीवर थुंकल्यासारखं करून 'टॅम्प्लीज' म्हणायचं. डाव थांबतो आणि कोणी तुम्हाला बाद करत नाही. खेळाबाहेरही माणसाला आयुष्य आहे, ही त्यामागची समजूत.

डिसेंबर २००० मध्ये 'प्रोजेक्ट आयजीआय' नावाचा खेळ आला. नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओजने तो बनवला होता. डेव्हिड जोन्स नावाचा एकटा हेर शत्रूच्या तळावर शिरतो. आमच्या पिढीतल्या फार मुलांनी तो खेळला. मोकळी मैदानं, दूरवर दिसणारे टेहळणी मनोरे, दुर्बिणीतून पाहून आखायची वाट, हे सगळं आजही चांगलं वाटतं. पण त्यात एक मोठा दोष होता. मोहिमेच्या मधे खेळ जतन करता येत नसे. चाळीस मिनिटं जपून पुढे गेलात आणि शेवटच्या दारापाशी गोळी लागली, की पुन्हा कुंपणाबाहेरून सुरुवात.

समीक्षक या नियमाला कठोर म्हणतात. ग्वाल्हेरला तो निराळ्याच कारणाने जाचला. त्या काळात मध्य प्रदेशात वीज किती जायची हे इथल्या मोठ्या माणसांना सांगायला नको. २००३ ची विधानसभा निवडणूक बिजली, सडक, पानी या तीन शब्दांवरच लढली गेली. आम्हाला शत्रूने कमी मारलं, भारनियमनाने जास्त मारलं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की प्रत्येक खेळ समोर कोण बसलं आहे याबद्दल काहीतरी गृहीत धरून बनलेला असतो. आयजीआयने गृहीत धरलं होतं की खेळणाऱ्याच्या घरची वीज जात नाही. चांगल्या खेळाने टॅम्प्लीज दिलंच पाहिजे, हे माझं पहिलं मत.

याच्या उलट बाजूला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आहे, १९८९ चा. जॉर्डन मेकनरने तो जवळजवळ एकट्याने बनवला. धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याने चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. राजकन्येला सोडवायला साठ मिनिटं, एवढाच नियम. इथे वेळेचं बंधन हीच गोष्ट आहे, म्हणून ते जाचत नाही. शिवाय प्रत्येक चूक आपली असते. फरशी खचते त्याआधी ती हलते, आणि हललेली आपण पाहिलेली असते. तो राजपुत्र कड्याला एका हाताने लोंबकळतो तेव्हा आजही माझा श्वास थांबतो. साठ मिनिटांत न संपलेली गोष्ट मी चार वर्षं खेळलो आणि एकदाच संपवली.

दुसरा शब्द, कच्चं लिंबू.

धाकटं भावंड खेळायला हट्ट करतं, त्याला धावता येत नाही. मग मोठी मुलं म्हणतात, तू कच्चं लिंबू. म्हणजे तू आमच्याबरोबर पळ, लप, ओरड, पण तुझ्यावर राज्य येणार नाही. मला हा मराठी मुलांचा फार सुसंस्कृत शोध वाटतो. दुबळ्याला हाकलायचं नाही आणि खेळाचा नियमही मोडायचा नाही.

संगणकावरच्या खेळांत यावर मोठा वाद चालतो. २०२२ च्या 'एल्डन रिंग'मध्ये सोपी पातळी निवडण्याची सोयच नाही. जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर या संस्थेचे खेळ असेच असतात. पडा, शिका, पुन्हा उठा. मी तो खेळ दोनदा सोडून दिला आणि तिसऱ्यांदा पूर्ण केला. तेव्हा जो आनंद झाला तो सोप्या वाटेने मिळाला नसता, हे मी कबूल करतो. पण माझ्याकडे दोन धड हात आणि उन्हाळ्याची सुट्टी होती. २०१८ चा 'सेलेस्ट' हा डोंगर चढणाऱ्या मुलीचा खेळ तितकाच अवघड आहे. त्यात मात्र मदतीची सोय आहे. खेळाचा वेग कमी करा, दमसास वाढवा, तुम्हाला हवं तसं. कोणी हिणवत नाही. मला दोन्ही खेळ आवडतात, पण एकच निवडायचा असेल तर मी कच्च्या लिंबाला आत घेणारा निवडीन. वर्गातही मी हेच करतो, आणि माझ्या वर्गातली हुशार मुलं त्यामुळे बिघडलेली नाहीत.

तिसरा शब्द, रडीचा डाव.

हरायला लागलं की नियम बदलणारा, तो रडीचा डाव खेळतो. यंत्रसुद्धा असं करतं. 'नीड फॉर स्पीड'च्या शर्यतींत आपण खूप पुढे गेलो की मागची गाडी अचानक वाऱ्यासारखी येते. तिचं इंजिन सुधारलेलं नसतं, खेळाने तिला गुपचूप ढकललेलं असतं. चुरस टिकावी हा हेतू. पण एकदा हे लक्षात आलं की जिंकण्याची चव जाते. १९९९ च्या 'एज ऑफ एम्पायर्स २'मध्येही सर्वांत अवघड पातळीवरच्या संगणकाला जास्तीची सामग्री मिळत असे. २०१९ च्या नव्या आवृत्तीत बनवणाऱ्यांनी हे बंद केलं आणि फुकटची सामग्री न घेता चांगला खेळणारा प्रतिस्पर्धी दिला. वीस वर्षांनी का होईना, यंत्राने रडी सोडली. त्यांच्याकडून हरायला मला आता लाज वाटत नाही.

यापेक्षा वाईट रडी पैशांची असते. 'कँडी क्रश'मध्ये पाच जीव मिळतात, ते संपले की एक जीव परत यायला अर्धा तास. थांबायचं नसेल तर पैसे द्या. इथे अडथळा खेळाचा नसून दुकानाचा आहे. आधी तहान लावायची आणि मग पाणी विकायचं. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली. त्या कायद्याच्या तपशिलात मी जात नाही. पण एक सांगतो. जुगार आणि खेळ यांतला फरक मुलांना कायद्याआधी घरात कळायला हवा. सोपी कसोटी आहे. हरल्यावर तुम्ही आपली चूक शोधता की खिसा चाचपता?

आणि दोष देतोच आहे तर स्वतःचाही सांगतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला माझा एक विषय राहिला. संध्याकाळी सायबर कॅफेत दहा संगणक जोडून आम्ही 'काउंटर-स्ट्राइक' खेळायचो. आधी तासाचे पंधरा रुपये, मग उधारी. बाबांनी घरात संगणक घेतला होता तो फंडातून कर्ज काढून, माझ्या अभ्यासासाठी. निकाल पाहून ते काही बोलले नाहीत. गुणपत्रिका घडी करून त्यांनी कपाटात ठेवली. पुढे कित्येक वर्षं मी सांगत असे की खेळाने माझं वर्ष खाल्लं. आता म्हणतो, तो माझाच रडीचा डाव होता. खेळ चांगलाच होता. घड्याळाकडे न पाहणारा मी होतो.

चौथा शब्द, राज्य. इथे मी थोडा जास्त रेंगाळणार आहे, कारण आपण ज्या गावात बसलो आहोत त्याचा या शब्दाशी दुहेरी संबंध आहे.

मार्च २००९ मध्ये ब्रिटनच्या क्रिएटिव्ह असेंब्लीने 'एम्पायर : टोटल वॉर' आणला. अठराव्या शतकाचा खेळ. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया यांच्या यादीत मराठेही होते. नकाशावर भगवा रंग पाहून मला काय वाटलं ते सांगत नाही, तुम्हाला कळलं असेल. पहिल्याच रात्री मी पहाटेपर्यंत खेळलो आणि मुघलांचे प्रांत घेतले. आठवडाभराने डोकं थंड झालं तेव्हा शंका यायला लागल्या.

पहिली शंका नावाची. खेळ १७०० मध्ये सुरू होतो आणि तिथे लिहिलेलं असतं 'मराठा संघराज्य'. १७०० मध्ये राजाराम महाराज वारले आणि ताराबाईंनी झुंज पुढे चालवली. तेव्हा संघराज्य नव्हतं. शिंदे, होळकर, पवार, गायकवाड ही नावं मोठी झाली ती पुढे शाहू आणि बाजीरावांच्या काळात. राणोजी शिंद्यांच्या हातात माळव्याचा कारभार आला तो १७३० नंतर.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. त्या खेळात सगळं मराठा राज्य मी एकटा चालवतो. एक हुकूम, एक खजिना, एक डोकं. शिंदे-होळकरांचं पटत नाही, पेशवा पुण्याहून पत्रं पाठवतो, सरदार सोयीने ऐकतात, हे काहीच नाही. लष्करात राहणाऱ्या माणसाला हा फरक चटकन जाणवतो, कारण आपलं लष्कर हे नावच त्या इतिहासातून आलं. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी उज्जैनहून मुक्काम इथे हलवला आणि किल्ल्याखाली फौजेचा तळ पडला. तळ उठलाच नाही, त्याचं शहर झालं. ज्या राज्यात एका सरदाराचा तळ स्वतंत्र राजधानी होऊ शकतो, ते राज्य एका खेळाडूच्या एका बोटाने चालत नसतं.

तिसरी शंका चौथाईची. त्या खेळात प्रांत एक तर तुमचा असतो किंवा दुसऱ्याचा. तहात पैसे मागता येतात, नाही असं नाही. पण मुलूख दुसऱ्याच्या नावावर ठेवून त्यातला चौथा हिस्सा हक्काने वसूल करायचा आणि त्यावर राज्य पसरवायचं, ही मराठ्यांची रीत त्या नकाशात बसत नाही. नकाशा रंगवण्याची युरोपातली पद्धत घेऊन त्यात आपल्याला बसवलं आहे. पागोटं आपलं, अंगरखा त्यांचा. लढाया सुरेख आहेत, तोफांचा धूर सुरेख आहे. पण मराठे म्हणून खेळताना मी मराठ्यांसारखा विचार एकदाही केला नाही, आणि एखाद्या खेळाबद्दल यापेक्षा मोठी तक्रार माझ्याकडे नाही.

'एज ऑफ एम्पायर्स ३'च्या २००७ मधल्या 'एशियन डायनेस्टीज' या भागात १८५७ ची कथा आहे. कंपनीच्या फौजेतला नानीब साहिर हा अधिकारी शेवटी बंडाच्या बाजूने उभा राहतो. परदेशी खेळाने शिपायांची बाजू घेतली याचं मला कौतुक वाटलं. पण मुख्य पात्रं सगळी काल्पनिक. नाना फडणीस, नानासाहेब अशा ऐकीव नावांतून जुळवल्यासारखं ते 'नानीब साहिर' ऐकलं की हसू येतं. फुलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीसमोरून रोज जाणाऱ्या माणसाला ते हसू फार टिकत नाही. जून १८५८ मध्ये तात्या टोपे आणि राणी इथे आले, शिंद्यांची फौज त्यांना मिळाली, जयाजीराव आग्र्याला गेले, आणि राणी इथेच पडल्या. एका गावाने तेव्हा दोन बाजू पाहिल्या. आपल्या घराघरांत त्या दोन्ही बाजूंच्या गोष्टी आहेत. असा खेळ कोणी बनवला तर तो अवघड होईल, कारण त्यात कोणाच्या बाजूने खेळायचं हेच ठरवावं लागेल. मला तो खेळायला आवडेल.

स्वीडनच्या पॅराडॉक्सचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा २०१३ चा खेळ. तो ११ नोव्हेंबर १४४४ ला सुरू होतो. त्याच्या नकाशात आपलं ग्वाल्हेर एक छोटंसं स्वतंत्र राज्य म्हणून निवडता येतं. त्या काळी इथे खरोखर तोमरांचं राज्य होतं. डुंगरसिंह गादीवर होते आणि किल्ल्याच्या कड्यात जैन मूर्ती कोरल्या जात होत्या. स्टॉकहोममध्ये बसलेल्या कोणी तरी हे वाचून नकाशात घातलं, याबद्दल मी त्यांना मानतो. त्याच खेळात मराठी संस्कृतीच्या राज्यातून पुढे मराठा राज्यही उभं करता येतं. चारशे वर्षांचा हिशेब, व्यापार, धर्म, सोयरीक, कर्ज. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला हा सर्वांत बुद्धिमान खेळांपैकी एक. सर्वांत कंटाळवाण्यांपैकीही एक. दोन्ही खरं आहे.

त्या खेळात एक बटण आहे. जिंकलेल्या प्रांतावर ते दाबलं की काही गुण खर्च होतात, काही महिने जातात आणि त्या प्रांताची संस्कृती बदलते. कालपर्यंत मराठी होती, आज दुसरी. एक दिवस ते बटण दाबताना माझा हात थांबला. मला वाटलं, आपल्याकडे असं बटण कोणी दाबलं नाही. कोणी बंदी घातली नाही, कोणी सक्ती केली नाही. आजोबा दुकानात मराठी बोलत होते, बाबा कचेरीत हिंदी आणि घरी मराठी, मी घरी निम्मं-निम्मं, आणि माझी मुलगी घरीसुद्धा हिंदी. चार पिढ्या. खेळाने जे महिन्यांत दाखवलं त्याला आम्हाला शंभर वर्षं लागली, एवढाच फरक. बनवणाऱ्यांच्या मनात हे नसेल. पण मला ते त्या बटणावर दिसलं, आणि खेळातून असं काही दिसू शकतं हे मला सांगायचं होतं.

आता दुसऱ्यांच्या पटावर आपलं गाव कसं दिसतं ते थोडक्यात.

२०१८ च्या 'हिटमॅन २'मध्ये मुंबई आहे. गर्दी, धुणी, रंग, चित्रीकरण, सगळं बारकाईने उभं केलं आहे. खेळ म्हणून तो भाग उत्तम. पण तिथल्या गल्लीतली माणसं आपसांत इंग्रजी बोलतात, आणि खलनायकाचं नाव वझीर काळे. काळे आडनावाचे आपल्याकडे पुष्कळ, वझीर नावाचा काळे मात्र मी अजून पाहिलेला नाही. २०१७ चा 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी' पश्चिम घाटात घडतो आणि होयसळांच्या शिल्पांवर मन लावून काम केलेला आहे. पाऊस, चिखल, दगड पाहण्यासारखे. पण तिथे गाव जवळजवळ नाहीच. देऊळ आहे, पुजारी नाही, यात्रा नाही. आपला देश त्यांना रिकामा बरा वाटतो.

म्हणून 'राजी' महत्त्वाचा. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या लहान चमूने तो बनवला आणि २०२० मध्ये आणला. लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न आधी फसला होता, तरी ते थांबले नाहीत. राजी नावाची डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी राक्षसांनी पळवलेल्या आपल्या भावाला, गोलूला, शोधते. दुर्गा आणि विष्णू वरून तिची गोष्ट सांगतात. चित्रं, कमानी, दिवे, सगळं पाहत राहावं असं. प्रामाणिक मत असं की मारामारी लवकरच एकसुरी होते आणि गोष्ट संपायच्या आधीच संपते. सुरुवातीला आवाज इंग्रजी होता, नंतर हिंदी आला. पुण्यात बनलेल्या खेळात मराठी आवाज नाही. मी त्यांना दोष देत नाही, आवाजाला पैसे लागतात. पण आपण मागितलाच नाही, हेही खरं.

क्रिकेटबद्दल एकच गोष्ट. 'क्रिकेट ०७' हा खेळ आम्ही झिजेपर्यंत खेळलो. परवाना फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाच्या संघांचा होता, म्हणून आपल्या खेळाडूंची नावं मोडकी-तोडकी. मग कोणाकडून तरी सीडी आणून ती नीट करून घ्यायची. एकच फटका शिकून मी त्यात एका माणसाचे तीनशे केले आहेत, पंधरा मिनिटांत. २४ फेब्रुवारी २०१० ला आपल्या रूपसिंह स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने १४७ चेंडूंत नाबाद २०० केले. पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं ते पहिलं द्विशतक. मी गच्चीवर उभा होतो आणि मैदानावरचा आवाज ऐकू येत होता. शेवटच्या दहा धावांना जो वेळ लागला, तो खेळात कधीच लागला नव्हता. संगणकावरचा गोलंदाज माझा फटका कधी शिकला नाही, म्हणून माझ्या तीनशेला काही किंमत नव्हती. समोरचा शिकत असेल तरच डाव खरा.

शेवटचा शब्द, भिडू.

'पबजी मोबाईल' २०१८ मध्ये आला, २ सप्टेंबर २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ११८ ॲप्समध्ये तोही होता, आणि २ जुलै २०२१ ला तो नव्या नावाने परतला. शंभर जण बेटावर उतरतात, शेवटपर्यंत उरेल तो जिंकतो. शिक्षक मित्र मला विचारतात, हा खेळ वाईट आहे का? माझं उत्तर असं. रचना उत्तम आहे, मैदान आकुंचन पावत जातं ही कल्पना तर फारच चांगली. बंदूक मला खटकते, पण त्याहून जास्त खटकतं ते हे की एक डाव संपला की दुसरा लगेच समोर उभा असतो आणि टॅम्प्लीज कोणी म्हणू देत नाही. मात्र मुलं तिथे जातात ती बंदुकीसाठी नाही, भिडूंसाठी. कानात मित्राचा आवाज असतो. तो आवाज आपण काढून घेतला आणि बदल्यात काही दिलं नाही, तर मूल दार लावून घेणारच.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. मराठी तिला कळते, बोलत नाही. आजीशी तिचं बोलणं 'जेवलीस का' आणि 'हो' यांच्या पुढे जात नसे. तिला 'माइनक्राफ्ट' आवडतो, ठोकळ्यांनी काहीही बांधायचा तो स्वीडिश खेळ. मागच्या दिवाळीत तिने ठरवलं की मानमंदिर बांधायचं. आम्ही किल्ल्यावर जाऊन निळ्या फरश्या, त्यांवरची पिवळी बदकं आणि केळीची झाडं मोजून आलो. जाता जाता चतुर्भुज मंदिरातलं ८७६ चं ते शून्यही दाखवलं, कारण तिचा सगळा संगणक त्याच्यावर आणि एकावर चालतो. बांधताना पुण्याचा माझा भाचा ऑनलाइन तिचा भिडू होता. त्याचं हिंदी कच्चं. त्याला सांगायचं तर मराठीत. तिला शब्द सापडेनात. मग ती उठून आजीकडे जायला लागली. हा गोल भाग म्हणजे काय? बुरूज. हे पुढे आलेलं? सज्जा. खालची खोली? तळघर. आजी खाटेवरून शब्द देत होती, मुलगी धावत येऊन ते मायक्रोफोनमध्ये सांगत होती. दुसऱ्या दिवशी आजी खुर्ची ओढून पडद्यासमोर बसली आणि म्हणाली, बदकं दाटीवाटीची झाली आहेत, थोडं अंतर ठेव. तिच्या आयुष्यातलं ते पहिलं खेळ-परीक्षण, आणि अगदी अचूक.

यावरून मी मोठा निष्कर्ष काढत नाही. खेळामुळे मराठी वाचेल असं मी म्हणालो तर ती थाप होईल. मुलगी अजून शाळेतून हिंदीतच बोलत घरी येते, आणि हा अंक ती वाचू शकणार नाही. पण बुरूज, सज्जा, तळघर हे शब्द तिला परीक्षेसाठी लागले नाहीत, भिडूला सांगण्यासाठी लागले. भाषा लागते ती अशीच, कोणाला तरी काही तरी तातडीने सांगायचं असतं तेव्हा.

म्हणून शेवटी तीन विनंत्या. लेखकांना विनंती, खेळाला कथा लागते, संवाद लागतात. ती कामं आपली समजा. शिक्षकांना विनंती, निबंधाच्या यादीत 'माझा आवडता खेळ' याखाली संगणकावरचा खेळही चालेल असं सांगा, पण अट घाला की त्याचे दोष लिहायचे. प्रामाणिक मत लिहायला मुलं त्यातून शिकतील. आणि विद्यार्थ्यांना विनंती, 'मस्त' आणि 'बेकार' यांच्या पुढे एक वाक्य लिहा. का मस्त, कुठे बेकार. मराठीत लिहा. चुकलं तरी चालेल. सुरुवातीला सगळेच कच्चं लिंबू असतात, आणि आपल्या खेळात कच्च्या लिंबाला बाहेर काढत नाहीत.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे. टॅम्प्लीज मागत नाही.